फास लावला की बघायला जायचं

"सावंत, तुला मारनं लय सोपं."

विरार पूर्वेला आम्ही फ्लॅट घेतला त्या आठवड्यात तळमजल्यावरचे जनूकाका माझ्याशी बोलले ते पहिलं वाक्य हे. मी दुधाची पिशवी घेऊन उभा. म्हटलं, काका, माझं काही चुकलं का? तर म्हणाले, "चुकलं काय नाय. रोज ह्याच फाटकातून जातोस, त्याच टपरीवर थांबतोस, मोबाइलात तोंड घालून चहा पितोस. रानात असतास तर कवाच गेला असतास."

काका मूळचे इथल्याच डोंगराखालच्या चांदीप गावचे. तरुणपणी डोंगराच्या कडेला भात राखता राखता शिकारीला लागले. बंदी तेव्हाही होती, पण ती डोंगर चढून वर आली नव्हती, असं ते सांगत. थोरल्या भावाकडे ठासणीची बंदूक, काकांकडे तारेचे फास. भाऊ म्हणायचा, फास लावून घरी झोपणारा कसला शिकारी! काका म्हणायचे, मचाणावर बसून लांबून बार टाकणारा तरी कसला! भाऊ जाऊन कैक वर्षं झाली, पण काकांनी भांडण सोडलं नव्हतं. फाटकाजवळच्या बाकड्यावर बसून दोन्ही बाजूंनी स्वतःच बोलायचे. निकालही तेच द्यायचे. "दोगं सारकेच. दोगं जनावराच्या सवयीवर जगतात. पान्याची रोजची वाट सोडवत नाय त्याला, तिथंच मरतं."

हे ज्ञान घ्यायला कुणीही चालायचं. कुरिअरवाला, इस्त्रीवाला, वरच्या मजल्यावरची मुलगी बघायला आलेले पाहुणे. त्या पाहुण्यांना तर त्यांनी पत्ता सांगायच्या आधी रानडुक्कर कसं वळतं ते ऐकवलं. स्थळ मोडलं, पण त्याचं खापर काकांवर फोडणं बरोबर नाही, पत्रिकाही जुळत नव्हती.

मग पार्किंगमध्ये उंदीर झाले आणि सोसायटीच्या सेक्रेटरींनी चिकट पुठ्ठे मांडले. दुसऱ्या दिवशी सकाळी काका पुठ्ठा हातात घेऊन त्यांच्या दारात. त्यावर चिकटलेला उंदीर अजून धडपडत होता.

"तुमचा उंदीर जिता हाय. मारा नाय तर सोडवा."

"काका, आम्हाला ऑफिस असतं. कुठे बघत बसू?"

"मग लावायचा नाय. लावला की बघायला जायचं."

सेक्रेटरींच्या बायकोने नाकाला पदर लावून दार ओढून घेतलं. त्यानंतर काका रोज स्वतःच पार्किंगमध्ये बसायचे. उंदीर वाचण्यासारखा असला तर खायचं तेल चोपडून हळूहळू मोकळा करायचे. नसला तर एका दगडात संपवायचे. मला किळस यायची, खोटं कशाला सांगू. एकदा चिडून विचारलंच, "जन्मभर जनावरं मारलीत, आता उंदराची कसली माया आलीय?"

काका रागावले नाहीत. म्हणाले, लग्नाच्या गडबडीत एक फास काढायचा राहिला होता. हळद, लग्न, पाहुणे, जेवणावळी. आठवण झाली तेव्हा नवी नवरीही हट्टाने रानात बरोबर आली. फासात भेकर होतं, लहान हरणाएवढं, आणि ते अजून जिवंत होतं. तारेत अडकलेला पाय त्याने स्वतःच कुरतडत आणला होता. काकांनी कोयता उचलला, तर काकी खाली बसल्या आणि त्याचं डोकं त्यांनी मांडीवर घेतलं. एका वारात ते शांत झाल्यावर नवऱ्याला एवढंच म्हणाल्या, "मारायचं तर मारा. पन शेवटाला कोनी तरी जवळ पायजे. माझ्या येळेला तुमी असा." काकांनी शब्द दिला.

हे ते मला सांगत होते तेव्हा काकी आतल्या खोलीत ऑक्सिजनची नळी लावून पडलेल्या होत्या. छाती भाताच्या पोत्यासारखी जड झालीय, असं त्या म्हणायच्या. दिवस जवळ आलेत हे काकांना कळत होतं. म्हणून अलीकडे ते फाटकाच्या बाहेरसुद्धा जात नसत.

आणि नेमकं एका सकाळी काकींना हॉस्पिटलात न्यावं लागलं. मीही बरोबर गेलो. आयसीयू. नातेवाइकांनी काचेतून बघायचं, तेही जरा वेळ. त्यांचा मुलगा पुण्याला असतो, तो फोनवर म्हणाला, "बाबा, नियम असतात. घरी जाऊन पडा. काही झालं तर ते कळवतील."

काकांनी फोन माझ्या हातात दिला. "कळवतील म्हनं," ते म्हणाले, आणि आयसीयूच्या दारासमोर बसले ते उठलेच नाहीत. मी दोनदा जाऊन आलो. ते नुसते दाराकडे बघत होते. मला वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं बधिर झालं.

दुसऱ्या दिवशी दुपारी हॉस्पिटलमधून मला फोन आला, तुमच्या म्हाताऱ्यांना घेऊन जा. काका चादरींच्या ढकलगाडीमागून आत घुसले होते. वॉचमन चहाला कधी वळतो, मागचं दार गाडी गेल्यावर कसं सावकाश लागतं, हे सगळं त्यांनी बसल्या बसल्या हेरलं होतं. पायात चप्पल नव्हती. खाट आणि भिंत यांच्या मधल्या फटीत ते श्वास रोखल्यासारखे बसून राहिले. मशीन वाजलं आणि नर्स धावत आल्या, तेव्हा कुठे कुणाला दिसले.

मी पोचलो तेव्हा काकी गेल्या होत्या. नर्स संतापली होती, आणि तिचं बरोबरच होतं, तिथे इतरही पेशंट होते. पण काकींचं डोकं काकांच्या दंडावर होतं आणि तो हात नर्सने काढायला लावला नव्हता. ते बघून मला रडू आलं.

मुलगा पुण्याहून निघाला होता. कागदपत्रं व्हायची होती. मी काकांना खाली बाकावर आणून बसवलं. मग ते आपणहून बोलले.

"जागी होती. वळखलं मला."

"काही बोलल्या?"

"मास्कातून इचारलं, जेवलात का?"

"मग?"

"कालपासून पोटात काय नव्हतं," काका म्हणाले. "हो म्हटलं. भरपेट जेवलो म्हटलं. मग गेली."