श्रीमंत प्रेमराजनानांनी पायडलबोट सर केली ती हकीकत

श्री मनुदेवी प्रसन्न. भाचेमंडळींनी वारंवार पुसले की, नानांसारखा पहाड माणूस त्या एवढ्याशा बोटीत मावला कैसा? त्यास, जे घडले ते तिखटमीठ न लाविता लिहितो. लागलेच असल्यास खानदेशी हात समजून गोड मानून घ्यावे.

राजश्री प्रेमराजनाना, केळीबागाईतदार, मुक्काम चोपड्यानजीक, हे लग्नसमयी अवघे बावन्न किलो होते. ते समयी त्यांनी यशोदाबाईसाहेबांस वचन दिधले की, तुम्हांस शेजारी बसवून बोटीत फिरवीन. मग बागेस पाणी आले, आणि घरास मोटारसायकल आली, आणि पायी चालण्याचा रिवाज मोडला, आणि हिवाळ्यात भरीत, उन्हाळ्यात आमरस, बारमाही शेवभाजी ऐसे तह होत गेले, आणि देहाची सरहद्द दरसाल कमरपट्ट्याचे एकेक भोक जिंकीत चालली. नाना खाटेवर, बाईसाहेब खाली जमिनीवर, ऐशी चाळीस वर्षे गेली. वचन तैसेच राहिले. बाईसाहेबांनी कधी बोलून दाखविले नाही, आणि तेच नानांच्या जिव्हारी लागून होते.

शके १९४७, पौषमासी, रविवारी उभयतां फैजपुरापलीकडे सातपुड्याच्या पायथ्याशी सहलीच्या तळ्यावर दाखल जाहली. बाईसाहेब नवे पातळ नेसल्या होत्या. परंतु धक्क्यावर फलक की, शंभर किलोवरील व्यक्तीस बोटीत मनाई. फलकाखाली काटा, आणि काट्यापाशी गळ्यात शिट्टी घातलेला हितेंद्र नामे किल्लेदार, फैजपूरच्याच केळीवाल्याचा लेक, बाणा पोलादी. नाना काट्यावर चढले. काट्याने एकशे अठरा ऐसा कौल दिधला. रांगेत हशा पिकला. नानांचे तोंड एवढेसे जाहले. देहात आटले ते तेवढेच.

मग नानांनी शिकस्त केली. प्रथम जोडे उतरविले, मग मोबाईल, मग चाव्यांचा जुडगा, मग कमरपट्टा. परंतु पट्टा सुटताच पाटलोण रणांगण सोडू लागली, सबब तो फिरून बांधिला. काटा एकशे सतरा. मग नानांनी फर्माविले की, सकाळचे भरीत आणि कळण्याच्या पुऱ्या अकरा हा ऐवज देहात धरू नये. व्यापारी केळीचा दांडा वजा करितो, तैसा वजा करावा. किल्लेदाराने अर्ज केला की, नाना, दांडा वेगळा काढून दाखविता येतो. झाले! नाना खाली उतरले, आणि बाईसाहेबांकडे न पाहता म्हणाले, "तू एकली जाय. मी आठेच उभा शे."

आता ऐकावे. बाईसाहेब म्हणजे तीस वर्षे माल मोजताना काट्यापाशी उभ्या राहिलेल्या, व्यापाऱ्यास पावशेराचा दगा पचू न देणाऱ्या. त्यांनी पदर खोचला, नानांस दंडास धरून काट्यावर चढविले, आणि आपणही शेजारी चढल्या.

"एकेक घड कोन मोजस रे भाऊ? बठ्ठा माल मोज, नि रास काढ!"

केळीच्या सौद्यात घड लहानमोठे असले तरी सगळे एकत्र तोलून सरासरी काढितात, त्या सरासरीस रास म्हणतात. काटा एकशे त्रेसष्ट. दोहोंत भागिता साडेएक्याऐंशी. रास नाकारावी तर बापाचा धंदा खोटा पडतो! किल्लेदाराने फलक तीनदा वाचिला. रास काढू नये ऐसे त्यावर कोठेच नव्हते. मग तरंगती दोन जाकिटे दोरीने जोडून नानांस चिलखत चढविले, आणि शिट्टी वाजली.

परंतु बोटीस राशीचा हिशेब कोण समजावणार? नाना बसताच त्यांची बाजू पाण्यास टेकली आणि बाईसाहेबांची अस्मानी चढली. नानांचे पायडल पाण्यात, बाईसाहेबांचे हवेत, तेणेकरून बोट पुढे न जाता धक्क्यासमोरच गरगर फिरू लागली. तळे कमरेएवढे, म्हणोन जिवास धोका नव्हता, अब्रूस होता. नाना ओशाळून उतरू लागले.

"बठा उगा!" वरून बसून राहण्याची आज्ञा जाहली. "माले बठ्ठा सातपुडा दिखी ऱ्हायना."

नानांनी मान वर करून पाहिले. बाईसाहेब हातभर उंच बसून अवघा सातपुडा न्याहाळीत होत्या आणि हसत होत्या. नानांचे डोळे भरून आले. मग त्यांनी पायडल अधिकच नेटाने मारिले.

येणेप्रमाणे पंधरा मिनिटांत फेरे तेवीस, आगेकूच शून्य, वचन पुरे, नाना कमरेपर्यंत ओले. फत्ते कोणाची, ऐसे धक्क्यावर लोकांनी पुसता, जी वर बसली होती तिची, ऐसे नानांनी स्वमुखे सांगितले. सबब तैसेच लिहिले असे.