उन्हात ठेवलेली बाटली

"मला काय धाड भरलीय?"

हे वाक्य लिओनार्डने पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तो सहा वर्षांचा होता आणि भुईगावच्या वाडीत त्याची आई डोक्यावरचा केळीचा घड उतरवत होती. घड खाली आला, पण घड धरलेला उजवा हात काही खाली येईना. फांदी अडकावी तसा तो हवेतच राहिला. "आये, दुखतंय का गं?" त्याने विचारलं. त्यावर आई ते वाक्य बोलली, डाव्या हाताने उजवा हात खाली ओढून घेतला आणि गुणगुणत पुढच्या घडाकडे वळली.

*हाताला रुतला काटा, सासूला गं सांगू नये,*
*पायाला लागली काच, माहेरी गं कळू नये.*

त्याला साठ वर्षं झाली. लिओनार्ड आता सिडनीच्या स्कोफिल्ड्समध्ये दुमजली घरात राहत होता, रेल्वेच्या सिग्नल खात्यातून रिटायर झाला होता आणि तेच वाक्य रोज ऐकत होता. बोलणारी बदलली होती, इतकंच. त्याची बायको जुडिथ तीन वर्षं जिना खेकड्यासारखी उतरत होती. आधी कठडा, मग एक पाय, मग दुसरा, मग देवाचं नाव. "गुडघे दाखवून घे" म्हटलं की तिथेच थांबून ती म्हणायची, "मला काय धाड भरलीय? तू तुझी बोटं सांभाळ."

बोटं खरंच सांभाळण्यासारखी होती. लिओनार्ड घुमट, म्हणजे मातीच्या मडक्याला कातडं ताणलेलं वाद्य, वाजवायचा. ब्लॅकटाउनपासून स्कोफिल्ड्सपर्यंत वसईकरांचं एकही लग्न त्याच्या घुमटाशिवाय लागलं नव्हतं. पण दोन वर्षांपूर्वी संधिवात बोटांत शिरला आणि मुक्कामालाच राहिला. आता सप्टेंबरात त्याच्या एकुलत्या एका मुलीचं, क्लोईचं लग्न होतं. दुसऱ्यांच्या दीडशे मुलींच्या हळदीला वाजवलं आणि आपल्या मुलीच्या हळदीला स्पीकर लावायचा, ही कल्पनाच त्याला सहन होईना.

फेब्रुवारीत क्लोईनेच त्याच्या फोनवर एका ऑनलाइन दवाखान्याचा फॉर्म भरला. याआधी कोणते उपचार केले, असा त्यात प्रश्न होता. लिओनार्डने बाम, शेकायची पिशवी, फिजिओ, लसणीचं तेल आणि सेंट ॲनचा नऊ दिवसांचा नोव्हेना अशी यादी सांगितली. "डॅड, नोव्हेना इज नॉट अ ट्रीटमेंट," क्लोई म्हणाली. आठवड्याभरात व्हिडिओवर डॉक्टर भेटला, सहा महिन्यांची स्क्रिप्ट, म्हणजे औषधाची चिठ्ठी, मिळाली आणि कुरिअरने बाटली आली.

"गांजा?" जुडिथ म्हणाली. "आपल्या घरात?"

"गांजा नाही, गांज्याचं तेल. तेही नशा आणणारं काढून टाकलेलं. डॉक्टरने लिहून दिलंय. यात लपवण्यासारखं काय आहे?"

"मग फादरना सांगू?"

"नको."

"आणि कार्ड-बिर्ड देतात का त्याचं? पाकिटात ठेवू नकोस. मिस्साला दान टाकताना पाकीट उघडतोस."

"कार्ड नसतं इथे. नुसती स्क्रिप्ट असते."

पहिले पंधरा दिवस जुडिथने त्याच्यावर पाळत ठेवली. त्याने जिभेखाली थेंब टाकले की अर्ध्या तासाने ती त्याला त्याच्या पाच भावंडांचे वाढदिवस विचारायची. तारखा त्याला पूर्वीही येत नव्हत्या, त्यामुळे परीक्षेचा निकाल कधीच लागला नाही. पण बोटं सुटली. दुखणं दहापैकी सातावरून तिनावर आलं. ईस्टरला त्याने गराजमध्ये घुमट काढला आणि असा वाजवला की शेजारचा कुत्रा कुंपणापाशी येऊन बसून राहिला.

जूनपासून मात्र काहीतरी बिनसलं. पाच, मग सहा, मग पुन्हा सात. त्यात थंडी पडली. पश्चिम सिडनीत घरं बांधताना बहुधा फक्त उन्हाळ्याचा विचार करतात. सकाळी वरच्या खोलीत तोंडातून वाफ निघायची आणि बाटलीतलं औषध वर पांढरं धरून बसायचं. ड्रॉपर आत शिरायचाच नाही. लिओनार्ड बाटली खिडकीत उन्हात ठेवायचा, लहानपणी आई ठेवायची तशी, आणि वितळेपर्यंत चहा प्यायचा. हाताला इतकी सवय होती की डोक्याला प्रश्न पडलाच नाही.

एक गोष्ट मात्र चांगली घडत होती. जुडिथ जिना सरळ उतरू लागली होती. इस्त्रीचे कपडे घेऊन ती दिवसातून तीनदा वर जायची, आणि वर जाताना कधीकधी चक्क गुणगुणायची. लिओनार्डने सेंट ॲनचे आभार मानले. नोव्हेना त्याने केला होता, गुण तिला आला होता. पण स्वर्गातही कुरिअर चुकत असेल, म्हणून त्याने तक्रार केली नाही.

ऑगस्टमध्ये स्क्रिप्ट संपली. रिन्यू करायला नेहमीच्या डॉक्टरचं ताजं पत्र हवं होतं. तो ब्लॅकटाउनच्या दवाखान्यात गेला. रिसेप्शनवर सिंथिया होती. ती पॅरिशच्या रोझरी ग्रुपची, म्हणजे जपमाळेच्या मंडळाची, प्रमुखही होती, आणि ही दोन्ही कामं ती एकाच खुर्चीत बसून करायची.

"पत्र कशाला हवंय, लिओनार्ड अंकल?"

"स्पेशालिस्टला दाखवायचंय."

"कसला स्पेशालिस्ट?"

"असतो एक," लिओनार्ड म्हणाला, आणि घोटाळ्याला इथे सुरुवात झाली. माणूस आजाराचं नाव घेत नाही म्हणजे आजार नाव घेण्यासारखा नाही, हे सिंथियाला पंचवीस वर्षांच्या अनुभवाने माहीत होतं. तिने नियम पाळला, कोणाला एक शब्द सांगितला नाही. फक्त ग्रुपवर लिहिलं, 'आपल्या लिओनार्ड अंकलसाठी विशेष प्रार्थना करा. कारण विचारू नका.'

रविवारी मिस्सानंतर बायकांनी जुडिथला गाठलं. "कसं आहे गं लिओनार्डचं?"

जुडिथला गांज्याचं नाव काढायचं नव्हतं आणि देवळाच्या दारात खोटंही बोलायचं नव्हतं. तिने नुसता सुस्कारा सोडला. "चाललंय," ती म्हणाली.

त्या सुस्काऱ्याने काम फत्ते केलं. सोमवारी दारात तळलेल्या फुग्यांचा डबा आला. मंगळवारी मांसाचं इंद्याल, बुधवारी दोन केक. गुरुवारी सिंथियाचा नवरा बेन्सन आला आणि लिओनार्डचा हात हातात घेऊन खोल आवाजात म्हणाला, "काळजी करू नको, मेट. क्लोईच्या हळदीला घुमट मी वाजवतो. नो वरीज."

लिओनार्डने हात सोडवून घेतला. बेन्सन मनाने सोन्यासारखा होता, पण तो घुमट वाजवायला लागला की गालिचा झटकल्यासारखं वाटायचं. मागच्या वर्षी पॅरिशमधल्या यतीनच्या लग्नात त्याच्या तालावर नवरदेव उंबऱ्यात तीनदा अडखळला होता.

"मला काही झालेलं नाही, बेन्सन."

"हेच म्हणतात सगळे," बेन्सन डोळे पुसत म्हणाला. "उद्या चार वाजता सिंथिया ग्रुप घेऊन येतेय. इथेच रोझरी करू."

शुक्रवारी चार वाजताच लिओनार्डची डॉक्टरशी व्हिडिओ अपॉइंटमेंट होती. ती हलवली तर पुढची तीन आठवड्यांनी, म्हणजे लग्नानंतर. रोझरी हलवणं तर पोपच्याही हातात नव्हतं. खाली बायकांसमोर ठणठणीत दिसायचं होतं, नाहीतर घुमट बेन्सनकडे जाणार. वर डॉक्टरसमोर दुखणाईत दिसायचं होतं, नाहीतर औषध जाणार. पण लिओनार्ड चाळीस वर्षं सिग्नलवर काम केलेला माणूस होता. दोन गाड्या एका रुळावर आल्या तर एकीला थांबवायचं आणि दुसरीला वळवायचं. तो पावणेचारला खाली जाऊन सगळ्यांशी हसला, दोन खुर्च्या उचलून दाखवल्या, "बाथरूमला जाऊन येतो" म्हणाला आणि वर सटकला. रिटायर झाल्यापासून असा हुरूप त्याला आला नव्हता.

स्क्रीनवर नवीन डॉक्टर होती. नाव लिहिलं होतं डॉ. के. हॅरिस. चष्मा, चाळिशीची बाई. चेहऱ्याने आपल्याकडची वाटत होती, पण इथे आपल्याकडची वाटणारी अर्धी माणसं फिजीची निघतात.

"सो, लिओनार्ड, दहापैकी दुखणं किती?" तिने इंग्रजीत विचारलं.

"सात."

"नऊ," दारातून जुडिथ म्हणाली. चहाचा कप घेऊन ती आली होती, सरळ पावलांनी, धापसुद्धा न लागता.

खालून बायकांचे आवाज वर येत होते. शुक्रवारच्या रोझरीत येशूच्या दुःखाची रहस्यं म्हणतात, त्यात सिंथियाचा सूर रडवेला. डॉक्टरने कान दिला. "घरी कोणी... सगळं ठीक आहे ना?"

"प्रेयर ग्रुप," लिओनार्ड म्हणाला. "दर शुक्रवारी असतो." आयुष्यात पहिल्यांदाच होता.

डॉक्टरने कागद पाहिले. "एप्रिलमध्ये तीन, आता सात. म्हणजे हे औषध तुम्हाला लागू पडत नाही. अशा औषधाची स्क्रिप्ट मी रिन्यू करू शकत नाही. बंद करून दुसरं काही पाहू."

लिओनार्डला समोर बेन्सन दिसला, हातात घुमट घेतलेला. "डॉक्टर, औषध चांगलं आहे. थंडीमुळे होतं. ते गोठतं ना."

"काय होतं?"

"गोठतं. रोज उन्हात ठेवतो मी."

"हे तेल गोठत नाही, लिओनार्ड. फ्रीजमध्ये ठेवलं तरी नाही. दाखवा बरं बाटली."

जुडिथचा कप बशीवर वाजला. ती लिओनार्डच्या कानाशी वाकून भराभर मराठीत म्हणाली, "बाटली नको दाखवू. सांग, फुटली म्हणून."

"फुटली? ही काय समोर आहे."

"मग सांग, जुनी आहे. सांग, मांजराने सांडली होती, ती परत भरली."

"आपल्याकडे मांजर कुठंय?"

"तिला काय माहीत आपल्याकडे मांजर आहे की नाही?"

लिओनार्डने बाटली कॅमेऱ्यासमोर धरली. आत पांढरंशुभ्र, घट्ट, वर बारीक खळगा पडलेला. डॉक्टरने चष्मा वर सरकवला, स्क्रीनजवळ आली आणि स्वतःशीच बोलावं तशी म्हणाली, "अगंबाई, हे तर खोबरेल."

दोघांनी एकदमच स्क्रीनकडे पाहिलं.

"मी माहेरची चिपळूणची," डॉक्टर म्हणाली. "कौमुदी. हॅरिस नवऱ्याकडून आलं. आणि आंटी, मांजर सांडतं, पण परत भरून ठेवत नाही."

तेवढ्यात तीर्थाची बाटली घेऊन सिंथिया दारात आली. अंकल बाथरूममधून येईनात म्हणून ती घाबरली होती. तिच्यामागे काखेत घुमट घेऊन बेन्सन. त्यांनी स्क्रीन पाहिली, बाटली पाहिली, बाटलीवरचं हिरवं पान पाहिलं.

"हे..." सिंथिया म्हणाली.

"गांज्याचं तेल," लिओनार्ड म्हणाला. एकदा बोलल्यावर त्याला एकदम मोकळं वाटलं. "डॉक्टरने दिलेलं. बोटांसाठी. मी मरत नाहीये, सिंथिया. आणि बेन्सन, घुमट खाली ठेव."

बेन्सनने घुमट पलंगावर ठेवला, जरा नाइलाजानेच. सिंथिया पुटपुटली, "मी कोणाला काही सांगणार नाही."

"फक्त प्रार्थनेला सांगू नकोस."

पण लिओनार्डचं लक्ष आता तिच्याकडे नव्हतं. तो बायकोकडे बघत होता. सरळ उतरलेला जिना. दिवसातून तीनदा इस्त्रीचे कपडे. ते गुणगुणणं. सेंट ॲनकडे गेलेलं सगळं श्रेय एकेक पाऊल टाकत परत आलं आणि जुडिथच्या गुडघ्यांपाशी थांबलं.

"किती दिवस, जुडिथ?"

जुडिथने पदर नसलेल्या कार्डिगनचं टोक बोटाला गुंडाळलं. "मे महिन्यापासून. आधी नुसते दोन थेंब. मग अर्धं तेल वेगळं काढून ठेवलं. तुला कमी पडू नये म्हणून वरून भरत होते."

"मला सांगायचंस."

"तुझ्या बोटांचं चाललेलं सगळं. लग्न आलेलं. त्यात माझं कुठे." ती थांबली. "आणि एवढं बोलले होते मी त्या गांज्याला."

"आंटी, दुसऱ्याचं औषध घ्यायचं नाही," डॉ. कौमुदी म्हणाली. आवाज कडक होता, पण शेवटी मऊ पडला. "अंकलची स्क्रिप्ट मी रिन्यू करते. खोबरेल न घातलेलं औषध लागू पडत होतंच. तुमचं नाव मंगळवारी घेते. तुमच्या डॉक्टरचं पत्र लागेल."

"पत्र मी आजच काढते," सिंथिया डोळे पुसत म्हणाली. "कारण विचारणार नाही."

खालची माळ सुरूच होती. डॉक्टरने नवीन फॉर्म उघडला. "नाव झालं. आता सांगा आंटी, हे तेल घ्यायच्या आधी गुडघे दुखायचे ते दहापैकी किती?"

जुडिथने मान झटकली. "मला काय..."

लिओनार्डने तिचा हात धरला. वाकड्या बोटांनी धरला, त्यामुळे तो नीट बसला नाही, पण सुटलाही नाही. साठ वर्षांपूर्वीचा एक हात अजून कुठेतरी हवेत अडकलेला होता आणि तो त्याला खाली घ्यायचा होता.

जुडिथने आधी दाराकडे पाहिलं, मग त्या पांढऱ्या बाटलीकडे, मग त्याच्याकडे.

"आठ," ती म्हणाली. आणि जरा थांबून, हळूच, "जिना उतरताना नऊ."