कोऱ्या पावत्या

जोतीरामनं वर्षभराच्या डिझेलच्या पावत्या डब्यात जपल्या होत्या. एकही हरवली नव्हती. फक्त ट्रकच्या केबिनमध्ये डबा तापून तापून त्यांवरची छपाई उडून गेली होती. नवी पेठेतल्या कर सल्लागाराच्या ऑफिसात तिथं काम करणाऱ्या सोनमनं दोन-चार कागद उजेडाला धरले आणि डबा परत सरकवला.

"काका, यावर काहीच नाही."

"डिझेल टाकलंय की म्या!"

"दिसत नाही ना. पंपावरून डुप्लिकेट आणा. प्रत्येक खेपेचे किलोमीटरही लिहून आणा. यादीत आहे, सगळ्यांनाच लागतं."

तिचे साहेब, हृषीकेश देशपांडे, बाहेरगावी होते आणि गेल्या वर्षाचं रिटर्न भरायच्या मुदतीला दहा दिवस उरले होते. जोतीरामचा ट्रक एकच. मालक तोच, ड्रायव्हर तोच, पंक्चर झाली की क्लीनरही तोच. इन्कम टॅक्सच्या नोटिशीच्या भीतीनं त्यानं भाडी देणाऱ्या आण्णांना फोन केला, "आण्णा, आठ दिस गाडी भरत न्हाय."

मंद्रूपच्या पंपावर मॅनेजर म्हणाला, "गाडी दाखवल्याबिगर डुप्लिकेट न्हाय." म्हणून जोतीराम रिकामा ट्रक घेऊन फिरला. हुबळीच्या पंपावर नवा कॉम्प्युटर आला होता, जुनं सगळं पुसलं गेलं होतं. जहीराबादला डुप्लिकेट मिळाल्या, पण त्यावर गाडीचा नंबर कुणा दुसऱ्याचाच होता. या फेरीत जळलेल्या डिझेलच्या पावत्या मात्र ठसठशीत होत्या. त्या चालू वर्षाच्या म्हणून सोनमनं बाजूला काढल्या.

किलोमीटरचं तर आणखी अवघड. मीटर दिवाळीपासून बंद. कुंभारीच्या घरी बायको, वैजयंती, वही घेऊन बसली.

"पाडव्याला कुटं हुता?"

"नांदेडला."

"मला तर गाडी पुण्यात अडकली म्हनला हुता! नांदेडला कोन हाय?"

नांदेडला फक्त ज्यादा भाडं होतं, आणि पाडव्याला पैशासाठी गेलो असं सांगायची त्याला लाज वाटली होती. हे पटवायला दोन दिवस गेले. त्या दोन दिवसांत ताट समोर आदळलं जायचं आणि वही मिटलेली असायची.

नवव्या दिवशी त्यानं आण्णांना फोन केला. "आण्णा, उद्यापास्नं सिमेंट भरतो."

"सयाजीच्या गाडीला दिलं बाबा ते. तो रोज येतोय. तुज्यासाठी कंपनी थांबंल व्हय?"

सहा वर्षांचं बांधलेलं भाडं गेलं. जोतीराम तसाच वही बगलेत मारून नवी पेठेत पोचला. हृषीकेश परतले होते. त्यांनी वही न उघडताच विचारलं, "ट्रक किती तुमचे?"

"एकच."

"मग हे कशाला? एवढ्याशा धंद्याला गाडीच्या वजनावर महिन्याचं उत्पन्न ठरवून धरतात. पावत्या, किलोमीटर काही लागत नाही."

जोतीरामनं सोनमकडं पाहिलं. ती म्हणाली, "सर, यादी सगळ्यांना एकच आहे."

"सायेब, न्हवतं लागत तर न्हवतं. पन ह्या महिन्यात नऊ दिस गाडी रिकामी फिरली. तेवडं वजा करा की."

"वजा होत नाही. गाडी भरलेली असो, रिकामी असो, महिना धरतातच. हा महिना पुढच्या वर्षीच्या टॅक्समध्ये येईल."

जिना उतरताना वैजयंतीचा फोन आला. "झालं का काम?"

"झालं. कायबी लागत न्हवतं."

"आरं देवा! मग एवडे दिस फुकट गेले?"

"फुकट कशानं?" जोतीराम म्हणाला. "त्येच्यावरबी ट्याक्स हाय."