कठडा बसवल्यानंतर

सकाळी साडेदहा वाजता वर नेताना जिन्याच्या वळणावर कपाट अडकलं. दुकान उघडून जेमतेम अर्धा तास झाला होता.

दुकान फर्निचरचं. इमारत दीडशे वर्षांची, अरुंद, तिमजली, दोघा भावांच्या सामाईक मालकीची. धाकट्याच्या बायकोने तिथे दुकान थाटायचं ठरवलं तेव्हा थोरल्या दिरांनी बजावलं होतं, "पहिल्या दिवशी एकही वस्तू खपली नाही तर घर विकायचं. गिऱ्हाईक तयार आहे." निकाल डोळ्यांनी बघायला ते सकाळपासून वरच्या मजल्यावर ठाण मांडून होते. गिऱ्हाइकंही वर, मालकीणही वर. नवरा आणि हमाल खाली. मध्ये कपाट.

"अहो, जिना मोजला होतात ना?" कपाटापलीकडून मालकिणीचा आवाज आला.

"टेप लावून मोजला होता."

"कधी?"

"कठडा नव्हता तेव्हा."

जिन्याचा कोरीव कठडा पॉलिशला गेला होता, त्या काळात सगळे सोफे नि पलंग सुखाने वर चढले. आदल्याच दिवशी तो परत बसला, कारण जुन्या वास्तूंच्या खात्यातल्या साहेबांची तशी अट होती. नवऱ्याने साहेबांना फोन लावला.

"कठडा काढायचा नाही, खिडकीची चौकट हलवायची नाही. छताच्या नक्षीचा टवका उडाला तर दुकानाला टाळं!"

"मग वरच्या माणसांनी खाली कसं यायचं, साहेब?"

"अर्ज करा."

वर एक आजी घाबरल्या. "आता गं बाई?"

"बसा ना, आजी," मालकीण म्हणाली. "बसायला काय कमी आहे इथे?"

एरवी लोक सोफा तळव्याने दाबून बघतात आणि निघून जातात. इथे निघायची सोयच नव्हती. खिडकीतून टोपलीने चहा वर आला. दुपारपर्यंत आजींची कंबर दुखायची थांबली. "हा सोफा माझा. दुसऱ्या कुणी बसायचं नाही," त्यांनी जाहीर केलं. एक जोडपं बाकावर भांडलं, त्याच बाकावर मिटलं आणि बाक घेऊन मोकळं झालं. दीर पलंगावर जरा टेकले ते घोरायलाच लागले. निद्रानाशाने गांजलेले एक गृहस्थ त्यांच्याकडे हेव्याने बघत होते.

"एवढ्या गोंगाटात झोप? हाच पलंग द्या मला."

दिरांना जाग आली तेव्हा पायाशी 'विकले' अशी पाटी होती.

"मला विकलंत की काय?"

"तुम्हाला कोण घेणार, भाऊजी? पलंग गेला. वर आता काहीच उरलं नाही."

संध्याकाळी सुताराने कपाट कापलं. त्याला इतिहास नव्हता, त्यामुळे परवानगी लागली नाही. खाली येताच दिरांनी भावाच्या पाठीवर थाप मारली. "तुझी बायको जिंकली, बाबा. घर नाही विकायचं."

पाठोपाठ कठड्याला धरून आजी उतरल्या. "माझा सोफा कधी पोचवताय?"

नवऱ्याने कठड्याकडे बघितलं. मग बायकोकडे.

सध्या संध्याकाळी आजी आपल्या सोफ्यावर बसायला दुकानात येतात, येताना मैत्रिणींना आणतात. मैत्रिणी जाताना तळमजल्यावरून काहीबाही घेऊन जातात. पलंगवाले गृहस्थ दुपारी येतात, त्यांना कुणी उठवत नाही. कठडा तात्पुरता काढायचा अर्ज साहेबांकडे आहे. पाहणीला आले तेव्हा ते खिडकीतल्या घडीच्या आरामखुर्चीत बसले होते. खुर्ची खाली कोठारात ठेवायची होती, ती नवऱ्याने आदल्या दिवशी चुकून वर ठेवली होती. साहेबांनी ती तिथल्या तिथे विकत घेतली.

काल साहेब पुन्हा आले होते. अर्जावर सही झालेली नाही. जाताना त्यांनी विचारलं, पाय ठेवायला एखादं स्टूल मिळेल का.