सत्यवतीबाईंच्या कुत्रीचं स्थळ

"कुत्रीचं काम म्हणजे एका सकाळचं काम," असं नरसिंहरावांनी थोरल्या बहिणीला, म्हणजे वसुअक्काला, रात्री जेवताना सांगितलं. "घोड्याच्या जटक्यात घालायची, प्राणिदया संघात सोडायची, येताना मार्केटातून भाजी घेऊन जेवायला घरी."

नरसिंहराव रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून रिटायर झालेले. आंब्याच्या करंड्यांपासून सर्कशीच्या अस्वलापर्यंत जे जे त्यांच्या हाती आलं ते ते त्यांनी ज्याच्या त्याच्या गावी धाडलं होतं. अस्वल त्यांच्या अंगावर गुरगुरलं होतं तरी ते गाडी सुटायच्या आत डब्यात चढलं होतं. तिथं एका बारीक कुत्रीची काय कथा?

वसुअक्का ताटातला भात चिवडत राहिली. ती विधवा होऊन भावाकडे आली तेव्हापासून तिनं भावाचे असले बेत पुष्कळ ऐकले होते.

कुत्री तशी त्यांची नव्हतीच. चिकपेटेतल्या त्यांच्या घरामागच्या बोळातली ती. पण रोज सकाळी नरसिंहरावांच्या बायकोनं, सत्यवतीबाईंनी, मागचं दार उघडून तिला रागीमुद्देचा, म्हणजे नाचणीच्या उकडीचा, गोळा आणि कालचं सारू घालायचं, हे किती वर्षांचं होतं ते कुणालाच आठवत नव्हतं. तिला नावही नव्हतं. ह्या घराण्याचं शहाजीराजांच्या वेळेपासून बेंगळुरात बस्तान. घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर कानडी, हा नियम. कुत्री उंबऱ्याबाहेरची, म्हणून सत्यवतीबाई तिला कानडीत हाक मारायच्या, "बा इल्ली." म्हणजे नुसतं इकडे ये. तेवढ्यावर भागत होतं, मग नाव ठेवायचं राहूनच गेलं.

मग पावसाळ्यात सत्यवतीबाई गेल्या. तापाचं निमित्त झालं आणि आठवड्याच्या आत सगळं आटोपलं.

कुत्रीला हे कोण सांगणार? ती सकाळी मागच्या पायरीवर येऊन बसायची. वसुअक्का मुद्दे घालायची, ती हुंगायची, आणि अक्काच्या खांद्यावरून आत स्वयंपाकघराकडे बघत राहायची. आत भांडं वाजलं की तिचे कान उभे व्हायचे. भांडं घासणारी दुसरीच कुणी निघाली की पुन्हा पडायचे. नरसिंहराव कॉफी घ्यायला ज्या खुर्चीवर बसत तिथून हे सगळं नेमकं समोर दिसे. त्यांनी खुर्चीचं तोंड फिरवलं. मग खुर्चीच पुढच्या ओसरीवर नेली. तरी मागं ती बसली आहे हे त्यांच्या पाठीला कळायचंच. शेवटी त्यांनी गल्लीत सांगायला सुरुवात केली की, कुत्रीचा फार उपद्रव होतो, काही तरी केलं पाहिजे.

सकाळी देवाप्पा जटकेवाला दारात येऊन उभा राहिला. कुत्री बघून तो म्हणाला, "स्वामी, घोड्याला चालणार नाही."

घोड्यानं कुत्रीकडे पाहिलंसुद्धा नाही. चाललं नाही ते कुत्रीला. ओढून येईना, ढकलून चढेना. अखेर रेल्वेतल्या कुठल्याच नियमात न बसणारी गोष्ट नरसिंहरावांनी केली. काळा कोट, डोक्यावर जरीकाठी रुमाल अशा थाटात त्यांनी तिला दोन्ही हातांनी उचलून छातीशी धरलं आणि जटक्यात चढले. तिला जन्मात कुणी उचललं नव्हतं. ती क्षणभर ताठरली आणि मग हनुवटी त्यांच्या खांद्यावर टेकून निमूट राहिली. जटका सुरू झाला तरी त्यांना तिला खाली ठेवायचं सुचलं नाही.

नेमका कोपऱ्यावर कापडवाला गुंडो उभा होता. गुंडो म्हणजे चिकपेटेची फुकट आकाशवाणी.

"काय नरसिंहराव, मुलगी सासरी निघाली काय?"

"कामाला चाललोय," नरसिंहराव म्हणाले आणि कुत्रीच्या तोंडावर उपरण्याचं टोक ओढलं. त्यामुळे तर ती नवरीच दिसायला लागली.

प्राणिदया संघ लालबागेच्याही पलीकडे, निलगिरीच्या झाडांत होता. तिथल्या मुख्य हेमलताबाई. डॉक्टरांच्या विधवा, मूळच्या कारवारच्या, त्यामुळे मराठी समजणाऱ्या. त्यांनी कुत्रीला तपासलं, कानात पाहिलं आणि विचारलं, "तुमचीच का?"

पार्सल ऑफिसातला जुना अनुभव असा की, मालक आहे म्हटलं की शंभर प्रश्न येतात. नरसिंहराव पटकन म्हणाले, "छे, छे. रस्त्यावर सापडली. दया आली म्हणून आणली."

हेमलताबाईंचे डोळे भरून आले. "अनोळखी कुत्रीसाठी इतक्या लांब आलात? स्वतः उचलून? अशी माणसं राहिली कुठं हो हल्ली."

कुत्री दोरीला हिसके देऊन त्यांच्याकडे यायला बघत होती. "पाहा," हेमलताबाई म्हणाल्या, "जटक्याच्या एवढ्याशा वाटेत लळा लागला तिला तुमचा."

नरसिंहराव घाईनं निघाले. मागं वळून बघायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं. पण पुढंही नीट बघितलं नाही, आणि फाटकाच्या दगडी खांबावर कपाळ आपटलं. सुपारीएवढं टेंगूळ आलं. भाजी आणायची राहिली ती राहिलीच.

वसुअक्कानं टेंगळावर हळद लावली.

दुसऱ्या दिवशी नरसिंहरावांनी खुर्ची पुन्हा मागच्या दारासमोर आणून ठेवली. पायरी मोकळी होती. त्यांना वाटलं होतं, आता बरं वाटेल. कॉफी गार झाली. अक्कानं सवयीनं मुद्देचा गोळा हातात घेतला, दार उघडलं आणि तशीच उभी राहिली. नंतर तिनं तो कावळ्याला घातला. असं रोज व्हायला लागलं. कावळा फुगला, घरातली दोघं वाळली.

मग एकदा अक्का चुलीकडे तोंड करून म्हणाली, "नरसू, सत्या येईल असं ह्या घरात अजून एका जीवाला वाटत होतं रे. त्यालाच तू पार्सल केलंस."

रविवार उजाडल्यावर नरसिंहरावांनी कोट चढवला.

"कुठं?" अक्कानं विचारलं.

"माल परत घ्यायला."

संघाच्या आवारात त्या दिवशी मांडव होता. खुर्च्या, पताका, माईक. संघाचा वार्षिक समारंभ होता आणि त्यात काही कुत्र्यामांजरांना नवी घरं मिळायची होती. नरसिंहराव मांडवाच्या कडेनं, कुणाला न दिसता पिंजऱ्यांकडे सरकत होते. तेवढ्यात व्यासपीठावरून हेमलताबाईंना ते दिसले.

"ते बघा, आलेच," त्या माईकवर म्हणाल्या. "ह्यांच्याबद्दलच मी आत्ता सांगत होते."

दोन माणसांनी नरसिंहरावांना धरून वर नेलं. गळ्यात शेवंतीचा जाडजूड हार पडला. हेमलताबाई सांगत होत्या, "घरात स्वतःचा प्राणी नाही, ओळख ना देख, पण रस्त्यावरच्या कुत्रीला लेकरासारखं छातीशी धरून आणणारे हे गृहस्थ." लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"बाई, मला स्वल्प बोलायचंय," नरसिंहराव कुजबुजले.

"बोला ना. माईकवर बोला."

"ती कुत्री मला परत पाहिजे."

टाळ्यांचा कडकडाट झाला. हेमलताबाई मात्र अडचणीत आल्या. "तुमचं मन मोठं. पण तिला आजच घर मिळालंय. हे पद्माकर आणि त्यांच्या मिसेस विद्याबाई. पुण्याहून आलेत, राजाजीनगरला असतात. हे सरकारी कारखान्यात इंजिनिअर आहेत."

पहिल्या रांगेतलं एक तरुण जोडपं अवघडून उभं राहिलं. विद्याच्या हातात नवा कोरा पट्टा होता.

"पण ती माझीच आहे," नरसिंहराव म्हणाले.

"तुमची? तुम्हाला तर सापडली होती ना?"

"सापडली हे खोटं होतं. माझ्या बायकोची आहे ती."

"मग त्यांना घेऊन या," हेमलताबाई जरा कडक आवाजात म्हणाल्या.

"ती गेली."

माईक चालूच होता. हेमलताबाईंनी चष्मा काढून पुसला. पण त्या संस्था चालवणाऱ्या बाई. मागं कुणी तरी असंच सांगून दुसऱ्याचा चांगला शिकारी कुत्रा पळवला होता. त्या म्हणाल्या, "एक करू. तिला हाक मारा. आली तर तुमची."

कुत्री पलीकडे बाकाखाली पडली होती. नरसिंहराव मांडवाबाहेर आले, घसा साफ केला आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "बा इल्ली."

आवारातली झाडून सगळी कुत्री आली. बेंगळुरातल्या कुठल्या कुत्र्याला हे दोन शब्द माहीत नसतात? लंगडं आलं, कान तुटलेलं आलं, एका साहेबाघरचं केसाळ आलं. चहाची किटली घेऊन फिरणारा माणूससुद्धा, आपल्यालाच बोलावलं असं समजून, पेला भरून पुढं आला. आली नाही ती फक्त एक. बाकाखालून तिनं एक डोळा उघडला आणि मिटला.

लोक हसले. नरसिंहराव गळ्यात हार, पायाशी कुत्र्यांचा मेळा अशा अवस्थेत उभे राहिले. मग त्यांच्या ध्यानात आलं की, ह्या कुत्रीला पुरुषाच्या आवाजात कुणी कधी हाक मारलेलीच नाही. खुर्चीवर बसून कॉफी घेताना ती हाक त्यांनी जन्मभर ऐकली होती. तिच्यात शेवटी एक हेलकावा होता, पाळण्याच्या दोरीसारखा. त्यांनी डोळे मिटले आणि आवाज बारीक काढला.

"बाऽ इल्लीऽ."

पंचाहत्तरीकडे झुकलेला माणूस बायकी आवाज काढतो आहे हे बघून मांडवात आणखीच हशा पिकला. कुत्री मात्र ताडकन उठली. धावत आली. शेपटी अशी हलत होती की मागचं अंगच डगमगत होतं. ती नरसिंहरावांच्या पायाजवळून निघून त्यांच्या मागं गेली, तिथं पाहिलं. त्यांना वळसा घातला, पुन्हा मागं पाहिलं. मग फाटकाशी गेली आणि रस्त्याच्या एका बाजूला बघितलं, मग दुसऱ्या बाजूला. शेपटी हळूहळू थांबली.

हसणं केव्हाच थांबलं होतं.

"घेऊन जा तुमची कुत्री," हेमलताबाई हलकेच म्हणाल्या. "कुणी आड येणार नाही."

नरसिंहराव बराच वेळ फाटकाकडे बघत राहिले. तिला घरी नेलं असतं तर ती उद्या सकाळी पायरीवर येऊन बसली असती. परवाही. मरेपर्यंत. त्यांना सोबत झाली असती, पण तिला काय मिळालं असतं?

त्यांनी विद्याला विचारलं, "दिवसभर घरात कोण असतं, बाळ?"

"मी एकटीच असते," विद्या म्हणाली. तिचे डोळे आधीच लाल झाले होते. "हे सकाळी फॅक्टरीत जातात. मला कन्नड येत नाही, त्यामुळे शेजारीपाजारी कुणाशी बोलणंच होत नाही. पण काका, तुम्ही न्या तिला. खरंच न्या."

"तुमच्या घराला मागचं दार आहे?"

विद्या गोंधळली. "नाही. छोटंसं क्वार्टर आहे. पुढचंच एक दार."

"मग बरं आहे," नरसिंहराव म्हणाले. "तिला मराठी कळत नाही. ही हाक तेवढी शिकून घ्यावी लागेल. म्हणा, बा इल्ली."

"बा इल्ली," विद्या म्हणाली.

"असं पोलिसासारखं नाही. शेवटी स्वल्प ओढायचं."

विद्यानं पुन्हा म्हटलं. मग आणखी एकदा. फाटकाशी उभ्या असलेल्या कुत्रीचा एक कान इकडे वळला. विद्या खाली बसली आणि तिनं चौथ्यांदा हाक मारली. तेव्हा कुत्री सावकाश चालत आली, तिचा पदर हुंगला, तिच्या तोंडाकडे नीट निरखून पाहिलं, आणि नाइलाज झाल्यासारखी तिथंच बसली.

"सरी, बरोबर," नरसिंहराव म्हणाले. "आता जमलं तुम्हाला." जटक्यापर्यंत जाईतो त्यांच्या लक्षातच आलं नाही की, हार अजून गळ्यात आहे.

घरी अक्का दारातच उभी होती. तिनं हार पाहिला, रिकामे हात पाहिले. नरसिंहरावांनी सगळं सांगितलं. अक्कानं पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "तू हाक मारलीस? तिच्यासारखी?"

"मारली."

"मला ऐकव ना."

"नको, अक्का," नरसिंहराव म्हणाले. त्या संध्याकाळी दोघांनी भात टाकला, पण जेवलं कुणीच नाही.

दसऱ्याला पद्माकरांचं बोलावणं आलं. राजाजीनगरला त्यांच्या गल्लीत शिरतानाच नरसिंहरावांनी पाहिलं, विद्या कठड्याशी उभी राहून शेजारणीशी मोडक्यातोडक्या कानडीत मिरच्यांचा भाव बोलत होती आणि शेजारीण हसून हसून तिला शब्द पुरवत होती. कुत्री उंबऱ्याच्या आत, रंगीत सतरंजीवर, खाऊनपिऊन लोडासारखी झालेली.

नरसिंहराव फाटकातून आत आले. कुत्रीनं मान उचलली, त्यांच्याकडे पाहिलं आणि अशी काही भुंकायला लागली की आजूबाजूच्या खिडक्या उघडल्या. विद्यानं पट्टा धरला, पद्माकर मध्ये पडले, पण ती ऐकेना. त्यांनी एक पाऊल पुढं टाकलं की ही दात दाखवायची.

"काका, सॉरी हं," विद्या रडवेली होऊन म्हणाली. "असं कधीच करत नाही ही. दूधवाला येतो, पोस्टमन येतो, कुणावर एक शब्द काढत नाही. आम्हाला तर वाटलं होतं मुकीच आहे."

शेवटी नरसिंहरावांनी कॉफी फाटकाबाहेर उभ्यानंच घेतली. पेला परत करताना त्यांनी तिच्याकडे एकदा बघून घेतलं. ती अजून गुरगुरत होती आणि विद्याच्या पायाला अंग चिकटवून बसली होती.

घरी आल्यावर अक्कानं विचारलं, "कशी आहे? ओळखलं का तुला?"

"चांगलं ओळखलं," नरसिंहराव कोट खुंटीला अडकवत म्हणाले. "घरात घेतलं नाही मला."