बुवांचा पंप आणि अप्पांची बोटं

सकाळी सहा वाजता गुणाजीबुवा लालबागच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर गॅलरीच्या कठड्याला टेकून दम्याचा पंप उडवत उभे होते. तोंडात नव्हे, हवेत. एक फुस्स करायचं, पंपाच्या पाठीवरचा आकडा बघायचा, की पुन्हा फुस्स. एकशे तीन. एकशे दोन. चौसष्टाव्या वर्षी माणसावर काय वेळ यावी, असं त्यांना अगदी मनापासून वाटत होतं.

महिन्यापूर्वी डॉक्टर संघमित्रांनी त्यांना तो एकशे वीस फवाऱ्यांचा पंप लिहून दिला होता. सकाळी दोनदा, संध्याकाळी दोनदा, बरं वाटलं तरी रोज ओढायचा, आणि दर वेळी चूळ भरून थुंकायचं. बुवांनी चार दिवस इमानेइतबारे घेतला. चूळ तेवढी भरली नाही. सकाळी मोरीत कुणी ना कुणी असतंच, आणि पंपापाठोपाठ चहा घेतला की चूळ भरल्यासारखंच झालं, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. पाचव्या दिवशी आवाज बसला.

आता बुवांचा आवाज म्हणजे काय चेष्टा आहे? डबल बारी दोन महिन्यांवर आलेली. एका बुवाने भजनातून चिमटा काढायचा आणि दुसऱ्याने तिथल्या तिथे गाऊन त्याचा हिशोब चुकता करायचा, असला तो सामना. समोर फणसवाडीचे हर्षवर्धनबुवा, वयाने निम्मे आणि तोंडाने दुप्पट. यंदा नाही गायलो तर पुढच्या वर्षी आपल्याला कोण विचारतंय, हे बुवांना पक्कं ठाऊक होतं. दम काय, पुरवून पुरवून वापरता येतो. आवाज गेला की बुवा संपला. त्यात कुणीतरी सांगितलं की या पंपात स्टिरॉइड असतं. झालं. बुवांनी पंपाला नमस्कार केला आणि तो देव्हाऱ्याशेजारी ठेवून दिला. आठवड्याभरात आवाज परत आला. दम मात्र दिवसेंदिवस कमी पडत गेला, पण त्याची वाच्यता कशाला करायची?

आज अकरा वाजता डॉक्टरांना दाखवायचं होतं. सून अक्षदाने त्यासाठी बँकेत अर्धा दिवस रजा टाकली होती. पंप सोबत आणायचा होता, आणि अठ्ठावीस दिवसांनी त्यावर आठ उरायला हवे होते. होते एकशे चार. म्हणजे शहाण्णव वेळा फुस्स.

आकडा ऐंशीला पोचेतो बुवांचा अंगठा भरून आला. तेवढ्यात शेजारच्या खोलीतून अप्पा बाहेर आले. अप्पा म्हणजे मंडळाचे पखवाजवाले. बुवा चाळीस वर्षं त्यांच्याच ठेक्यावर गात आले होते. बुवांनी त्यांना सगळं खरं सांगितलं आणि कुणाकडे बोलणार नाही अशी शपथ घातली. अप्पांनी शपथ घेतली, पंप घेतला, आणि आठावर थांबायचं हेही नीट ऐकून घेतलं.

पहिले पाच-सहा त्यांनी सावकाश मारले. मग बोटांना सवय झाली. फुस्स-फुस्स, फुस्स. अप्पांची मान डोलायला लागली. खरं तर बुवांनी तेव्हाच त्यांना आवरायचं, पण त्यांचाही हात कठड्यावर ताल धरायला लागला होता आणि ते डोळे मिटून गुणगुणत होते. दोघं समेवर आले तेव्हा आकडा शून्यावर होता.

"जास्त झाले काय रे?" अप्पांनी विचारलं.

बुवांनी पंप त्यांच्या हातातून काढून घेतला आणि खिशात टाकला.

दवाखान्याचा एक जिना चढून बुवा खुर्चीत बसले तेव्हा त्यांची छाती शिट्ट्या मारत होती. डॉक्टरांनी त्या शिट्ट्या पुढून ऐकल्या, मागून ऐकल्या, मग पंप उलटा केला आणि बराच वेळ शून्याकडे पाहत राहिल्या. सकाळपासून शिट्ट्या ऐकून त्याही कंटाळलेल्या दिसत होत्या. सांगितलं त्याहून जास्त औषध घेऊनही छाती अशी असेल तर मामला साधा नाही, असं त्या म्हणाल्या. डोस दुप्पट करावा लागेल, दोन दिवस दाखल होऊन तपासण्या कराव्या लागतील आणि गाणं निदान सहा महिने बंद.

सहा महिने म्हणजे बारी गेलीच. सुनेसमोर अब्रू जाते तर जाऊ दे म्हणून त्यांनी सगळं ओकून टाकलं. बसलेला आवाज, न भरलेली चूळ, गॅलरी, अंगठा, अप्पा, ठेका, सगळं.

डॉक्टरांनी शांतपणे ऐकून घेतलं. "काका, गाणं बंद म्हटलं की लोकांना काहीही आठवतं."

मग साक्षीदार हवा म्हणून बुवांनी स्वतःच अप्पांना फोन लावला आणि स्पीकर चालू केला. डॉक्टरांनी आपलं नाव सांगितलं आणि गुणाजी हा पंप कसा घेतात, असं विचारलं. अप्पा शपथेला जागणारा माणूस.

"गुणाजी? नियमाने घेतो हो, सकाळ-संध्याकाळ," अप्पा म्हणाले. "माझ्या डोळ्यांदेखत."

बुवांनी फोन बंद केला. अशा मित्रावर रागवायचीही आता ताकद नव्हती. डॉक्टर चिठ्ठी लिहायला लागल्या.

तेव्हा इतका वेळ गप्प बसलेल्या अक्षदाने आपला मोबाइल टेबलावर ठेवला. रोज संध्याकाळी दिवा लावताना काढलेले पंपाचे फोटो होते ते. चार दिवस आकडा उतरत आलेला, आणि पुढे रोज एकशे चार. कालही एकशे चार.

डॉक्टरांनी लिहिलेली चिठ्ठी फाडली. आवाज औषधाने नव्हे, चूळ न भरल्याने बसला होता. औषध घशात राहिलं की असंच व्हायचं. पंप घ्यायचा, मग दात घासायचे, की चूळ आपोआप होते, असं त्यांनी समजावलं. तेच औषध, तोच डोस, आणि तीन आठवडे नीट घेतलं तर बारीला दम पुरेल. न विचारता बंद केलं तर मात्र गाणं राहिलं बाजूला, जिनाही चढता येणार नाही.

टॅक्सीत अक्षदाने सीटवर डोकं टेकून डोळे मिटले. बुवांना राहवेना.

"तुला चोवीस दिवस ठाऊक होतं. मग मला एका शब्दाने बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तुम्ही त्याच दिवसापासून रोज चार हवेत उडवले असते, बाबा," अक्षदा डोळे न उघडता म्हणाली. "मग मला कधी कळलंच नसतं."