सहा रुपये दराचे घर

शेंदूरगाव नगरपरिषदेच्या नव्या घरपट्टी आकारणीवर दोनशे बारा हरकती आल्या. त्यांपैकी दोनशे अकरा घरमालकांच्या होत्या आणि एक घराची होती.

हे घर लोहार आळीतले, मिळकत क्रमांक तीनशे सतरा. मालक मधुसूदन येवले, एसटी डेपोतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालेले. मुलगी लग्न होऊन गेली होती, त्यामुळे घरात ते आणि कुंदाताई दोघेच.

आळीतल्या रस्त्याच्या दक्षिणेकडची घरे चौथ्या झोनमध्ये येत. त्यांना चौरस मीटरला सहा रुपये दर होता. उत्तरेकडची घरे दुसऱ्या झोनमध्ये, त्यांना अकरा. नकाशावर झोनची रेघ स्केचपेनने ओढली होती आणि ती रस्त्यापेक्षा जाड निघाली, म्हणून कुठेतरी भाग पाडावा लागला, असे कर विभाग सांगत असे. लोकांना ते पटत असे.

येवल्यांचे घर दक्षिणेला आणि बरोबर समोर उत्तरेला कुलथ्यांचे. दोन्ही एकाच वर्षी, एकाच गवंड्याने बांधलेली. सकाळी ओट्यावर चहा पिताना येवले कुलथ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणत, "आमचं काय, साधं घर. सहा रुपयांचं." कुलथे काही बोलत नसत. घरही बोलत नसे.

दर चार वर्षांनी कर निरीक्षक मोजणीला आले की येवले त्यांना स्वतः हिंडवून घराचे दोष दाखवत. न्हाणीघराच्या भिंतीला ओल आहे, तुळईला वाळवी लागली आहे, माजघरात उजेड म्हणून नाही. बावीस वर्षांत ही यादी त्यांना पाठ झाली होती. निरीक्षक लिहून घेत आणि सहाचे सहाच ठेवत.

यंदा नगरपरिषदेने कारभार पारदर्शक करायचे ठरवले आणि सर्व झोनच्या दरांचा तुलनात्मक तक्ता छापून घरोघरच्या दारांवर चिकटवला. तो चार दिवस दारावर राहिला, त्यामुळे घराला वाचायला भरपूर वेळ मिळाला. पाचव्या दिवशी त्याने तहसील कचेरीबाहेरच्या अर्जनवीसाला बोलावून घेतले. येवले तेव्हा कटिंगला गेले होते. कुंदाताईंनी अर्जनवीसाला चहा दिला. अर्जदाराला अंगठा नसल्याने सहीच्या जागी उंबऱ्याचा ठसा घेतला. आवक-जावकच्या लिपिकाने अर्ज तीस दिवसांच्या आत आहे एवढे पाहिले आणि शिक्का मारला.

येवल्यांना हे नोटिशीवरूनच कळले. ती घेऊन ते माजघरात आले. मग त्यांनी घराला विचारले, की बाबा, कशासाठी. प्रकरण सुनावणीला आहे, तिथेच बोलू, असे घर म्हणाले. पुढचे आठ दिवस दोघांत बोलणे झाले नाही. दारे-खिडक्या मात्र नीट उघडत होत्या. त्यात घराने कसूर केली नाही.

सुनावणी साडेअकराची होती. उलट बाजूच्या माणसाला सोबत नेणे बरे दिसणार नाही म्हणून घराने येवल्यांना रिक्षाने यायला सांगितले. कुंदाताईंचा कुकर लागला होता, त्या घराबरोबरच आल्या. सभागृहाच्या दारातून घर आत जाईना, तेव्हा शिपायाने मुख्याधिकारी टेंभेकर मॅडमचे टेबल आवारात आणले आणि घराला सायकल स्टँड व अग्निशमन बंबाच्या मधली जागा दाखवली.

मॅडमनी अर्जदाराचे म्हणणे विचारले.

"समोरचं घर आणि मी एकाच भट्टीच्या विटांचे," घर म्हणाले. "त्याला अकरा आणि मला सहा. मी पाच रुपयांनी कुठं कमी पडलो, तेवढं सांगावं."

कर निरीक्षक डहाके यांनी नियम वाचून दाखवला. कमी दराचा फायदा मालक घेत असल्यास घर कमी योग्यतेचे आहे हे मालकानेच सिद्ध करायचे. येवले उठले आणि यादी म्हणू लागले. ओलीपर्यंत आले तेव्हा घराने हरकत घेतली. ही ओल नळाच्या वायसरची आहे, वायसर दोन रुपयांना मिळतो आणि मालक तो आकारणीच्या वर्षी मुद्दाम बदलत नाहीत, असे त्याने नोंदवायला सांगितले. डहाक्यांनी घरात जाऊन नळ पाहिला आणि तसा अहवाल दिला. वाळवीचे विचारले तर ती कुलथ्यांकडेही तेवढीच आहे, असे घराने सांगितले. कुलथे गर्दीत होते. त्यांनी मान डोलावली.

येवल्यांकडे आता माजघरातल्या उजेडाचा मुद्दा तेवढा उरला होता.

मॅडम म्हणाल्या, "ते राहू द्या. बावीस वर्षं राहताय तुम्ही तिथं. तुम्हाला स्वतःला काय त्रास झाला, तो शपथेवर सांगा."

येवल्यांनी घराकडे पाहिले. आळीत दोन्ही बाजूंना भिंती असल्याने त्यांनी ते असे चहूबाजूंनी कधी पाहिलेच नव्हते. बंबाशेजारी ते बरेच लहान दिसत होते. दर दिवाळीला ते रंगवत ती फक्त पुढची बाजू. मागची तशीच राहून गेली होती. स्वयंपाकघराच्या खिडकीत कुंदाताई कुकर उतरवत होत्या आणि त्यांच्या खांद्यावर ऊन पडले होते.

"त्रास काही नाही, मॅडम," येवले म्हणाले.

"तसं लिहू?"

"लिहा. बावीस वर्षांत काही नाही."

मॅडमनी लिहिले. अर्ज मंजूर झाला, दर अकरा, येत्या एप्रिलपासून. मालकाला पंधरा दिवसांत अपील करता येईल असेही निकालात होते. बंबाला वाट हवी, म्हणून एकच्या आत आवार मोकळे करावे, अशी तोंडी सूचना देऊन त्यांनी पुढचे प्रकरण पुकारले.

येवले फाटकाबाहेर रिक्षा बघू लागले. एकही थांबेना. थोड्या वेळाने घर त्यांच्याजवळ येऊन उभे राहिले आणि दार उघडले गेले. कुंदाताई आतून म्हणाल्या, "अहो, या आता. वरण निवतंय." येवल्यांनी चप्पल काढून हातात घेतली आणि ते आत गेले.

घर बाजारपेठेतून सावकाश निघाले. येवले जेवायला बसले नाहीत. ते ओट्यावर खुर्ची टाकून बसले. दुपारची वेळ असूनही दुकाने उघडी होती. भांड्यांच्या दुकानातल्या सावजींनी विचारले, की येवले, काय झालं निकालाचं.

येवल्यांनी दाराच्या चौकटीवर हात ठेवला.

"अकरा मिळाले," ते म्हणाले. "झोन दोन."